भाड्याची लोकधारा

डिसेंबर संपत आला की आमच्या चाकुरात दोन हंगाम एकदमच येतात. एक तुरीच्या राशींचा आणि दुसरा शाळांच्या गॅदरिंगचा. राशी आपापल्या शिवारात गुपचूप होतात, गॅदरिंगचा दणका मात्र गावभर. हल्ली तर प्रत्येक गॅदरिंगला 'थीम' लागते. कधी देशभक्ती, कधी जुन्या हिंदी सिनेमांचं 'रेट्रो'. ह्या वर्षी माझ्या नववीतल्या लेकीच्या शाळेनं काढली 'महाराष्ट्राची लोकधारा'.

आधीच सांगून टाकते, नाहीतर आमच्या पुण्याच्या काकू म्हणतील की हिला नाचच नको असतो. माझं भांडण नाचाशी नाही, थीमशीही नाही. लातूर पॅटर्नच्या ह्या मुलखात पोरं सातवी-आठवीपासून ट्यूशनच्या गाड्याला जुंपलेली. वर्षातले हे तीनच आठवडे असे, की ज्यांत मार्कांचा हिशेब नसतो. ते कुणी काढून घेऊ म्हणालं तर मीच आडवी पडेन. माझं भांडण आहे ते ह्या लोकधारेतून 'लोक' गाळून टाकण्याशी. कपडे भाड्याचे, स्टेप्स यूट्यूबच्या, गाणं स्पीकरवरचं, आणि हे सगळं मुळात कुणाचं, ह्याबद्दल एक अवाक्षर नाही. वर स्टेजमागच्या बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'आपली संस्कृती, आपला अभिमान'.

तर लेकीच्या गटाला आलं कोळीनृत्य. कोळीगीतं मलाही आवडतात, ठेकाच असा की म्हातारं माणूससुद्धा मान हलवील. पण जरा कुठं राहतो आपण ते बघा. चाकुराहून समुद्र चारशे किलोमीटरच्या पलीकडं. २०१६ च्या उन्हाळ्यात ह्याच लातूर जिल्ह्याला प्यायला पाणी नव्हतं, म्हणून मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टँकरांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती, घागर म्हणजे रांगेत ठेवायची वस्तू हे तिला तेव्हापासून ठाऊक. ती पोर आता हातात प्लॅस्टिकची मासळी घेऊन लाटांवर डुलणार! बरं, कोळी आमच्याकडंही आहेत. महादेव कोळी आहेत, मल्हार कोळी आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी घरांत वल्हं कुणी पाहिलेलं नाही, पण जातीच्या प्रमाणपत्राची आणि वैधतेची जाडजूड फाईल असते. त्या कोळ्यांबद्दल गटातल्या एकाही पोरीला काही सांगितलेलं नव्हतं. कोळी म्हणजे नाकात नथ आणि डोक्यावर टोपली, विषय संपला.

तयारीचं म्हणाल तर ती सगळी आयांच्या गळ्यात. लातूरला जाऊन ड्रेपरीच्या दुकानातून कपडे आणायचे. नऊवारी म्हणजे शिवलेली, कमरेला इलॅस्टिक, पायजम्यासारखी चढवायची. आमच्या सासूबाई आजही शेतात काष्ट्याचं लुगडं नेसून जातात. त्यांनी ती हातात धरून उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "ही कसली गं लुगड्याची चड्डी?" हसून हसून पुरेवाट झाली आमची. पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. घरात जितंजागतं लुगडं नेसणारं माणूस बसलेलं, ट्रंकेत तिची दोन इरकली लुगडी घडी घालून ठेवलेली, आणि आम्ही पाऊण तासाचा प्रवास करून इलॅस्टिक भाड्यानं आणतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लेकीला म्हटलं, आजीकडून नेसून घे. तर म्हणाली, "आई, सगळ्या पोरी सेमच घालायलेत. मी एकटीच येगळी दिसीन ना." चौदा वर्षांच्या पोरीला वेगळं दिसण्याची केवढी धास्ती असते, ते चौदा वर्षांची पोर घरात असल्याशिवाय कळत नाही. नेली इलॅस्टिकवालीच.

आता ह्या 'सेम'चा हिशेब मांडते. एका पोरीमागं भाडं साडेचारशे. नाच बसवायला लातूरहून आलेल्या सरांसाठी वर्गणी तीनशे. गटात चोवीस मुली. म्हणजे भाड्याचे दहा हजार आठशे आणि वर्गणीचे सात हजार दोनशे, एकूण अठरा हजार रुपये. पाच मिनिटांच्या एका नाचाला! असे नाच होते अकरा. हौसेला मोल नाही, कबूल. हा आकडा मात्र लक्षात असू द्या, पुढं तो मला लागणार आहे.

कोळीनृत्यात निदान कुणाला टोचण्यासारखं काही नाही. खरी गोची पुढच्या नाचांत आहे. ह्या थीममध्ये एक नाच हमखास असतो, 'जोगवा' सिनेमातल्या भंडार्‍याच्या गाण्यावरचा. २००९ साली हा सिनेमा आला, अजय-अतुलचं संगीत, ठेका असा की पाय आपोआप हलावेत. तेव्हापासून भंडारा उधळल्याशिवाय गॅदरिंग होत नाही म्हटलं तरी चालेल. आता हा सिनेमा आहे कशावर? देवीला सोडलेल्या मुलामुलींवर. मनाविरुद्ध जोगता केलेला एक तरुण आणि जोगतीण केलेली एक तरुणी, त्यांच्या कोंडमार्‍याची ती गोष्ट. राजन गवस ह्यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' ह्या कादंबर्‍यांवर तो बेतलेला आहे. ज्या प्रथेतून ही माणसं सुटावीत म्हणून कादंबर्‍या लिहिल्या गेल्या, सिनेमा निघाला, त्याच प्रथेवर आमची पोरं पिवळी पावडर उडवत उड्या मारतात आणि आम्ही पालक मोबाईल वर धरून शूटिंग करतो. नाचणार्‍या एकाला तरी सिनेमाची गोष्ट ठाऊक असते का? मी चार पोरांना विचारलं. चौघांनाही गाणं पाठ होतं, सिनेमा कशाबद्दल आहे ते एकालाही सांगता आलं नाही.

वाघ्या-मुरळीचं तेच. मुरळी म्हणजे देवाला वाहिलेली मुलगी. लहानपणीच खंडोबाशी लग्न लावून द्यायचं आणि मग तिचा संसार संपला. महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा आहे, २००५ चा. मुलीला असं सोडणं हा गुन्हा आहे. आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या लेकीला आपण मुरळी म्हणून स्टेजवर उभी करतो, तेव्हा हे तिला सांगायला नको? की ते अभ्यासक्रमाबाहेरचं?

आणि लावणी. शिट्ट्या मारायला सगळे पुढं, पण लावणी नाचणार्‍या बाईच्या घरात काय शिजतं ते विचारायला कुणी नाही. किशोर शांताबाई काळे ह्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं. तमाशात नाचणार्‍या आईचा हा मुलगा, आईचंच नाव लावून जगला आणि शिकून डॉक्टर झाला. मंडळी, आमच्या ह्या पट्ट्यात डॉक्टर होण्यासाठी पोरं दिवसाचे बारा-बारा तास घासतात, नीटच्या मार्कांवर घरं गहाण पडतात. ह्या पोरांना ते पुस्तक दाखवावं, असं लावणी बसवताना कुणालाच सुचत नाही. नऊवारीचा रंग ठरवायला मात्र दोन मीटिंगा होतात.

ज्या गोष्टीनं मला हे लिहायला बसवलं ती आता सांगते. रंगीत तालमीच्या आदल्या रात्री लेकीच्या कमरेला पिना लावत होते. ती सहज बोलून गेली, "आई, आमच्या वर्गातला एकजण यायचाच बंद झालाय प्रॅक्टिसला. पोतराजाचा डान्स ठेवलाय ना, म्हणून. त्याचे आजोबा खरंच पोतराज होते म्हणे. पोरं त्याला चिडवायलेत, तू तर घरूनच ड्रेस आण म्हणून."

पिन हातातच राहिली.

पोतराज कोण ते तुम्हांला ठाऊक असेलच. मरीआईचा भक्त. वाढवलेले केस, कमरेला रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरं, हातात कोरडा. दारोदार जायचं, स्वतःच्याच अंगावर कोरडे ओढायचे आणि मिळेल ते सुपात घ्यायचं. अंगावर वळ उठायचे ते खरे असायचे. ही माणसं गावकुसाबाहेरची, नवसापायी आणि गरिबीपायी ह्या वेशात अडकलेली. त्यांचे केस कापून त्यांना ह्यातून मोकळं करण्याचे कार्यक्रम कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी केले आहेत. त्या मुलाच्या घरानं दोन पिढ्यांत तो कोरडा खाली ठेवला, नातवाला शाळेत घातलं, नववीपर्यंत आणलं. आणि शाळेनं काय केलं, तर तोच कोरडा लातूरहून भाड्यानं आणला, सुती दोरीचा, आवाज येणारा पण न लागणारा, आणि दुसर्‍याच एका पोराच्या हातात दिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आपली संस्कृती, आपला अभिमान.

हे कुणी मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. तीच तर अडचण आहे. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शाळेला, नाच बसवणार्‍या सरांना, आम्हां पालकांना पोतराज म्हणजे एक ड्रेस वाटला, दुकानात कोळ्याच्या आणि मावळ्याच्या मधे हँगरला टांगलेला. तो कुणाचा तरी आजा असू शकतो आणि त्या आज्याचा नातू आपल्याच वर्गात तिसर्‍या बाकावर बसत असेल, इतका साधा विचार आमच्या डोक्याला शिवत नाही. आणि हे घडतं कुठं? तर लातूर जिल्ह्यात. 'उचल्या' लिहिणारे लक्ष्मण गायकवाड ह्याच जिल्ह्यातल्या धनेगावचे. चोर म्हणून शिक्का मारलेल्या जमातीतलं पोर शाळेत जातं तेव्हा त्याच्या वाट्याला काय येतं, ते त्या पुस्तकात आहे. १९८८ चं साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळालं. आमच्या गॅदरिंगला ते नाव कानावर येत नाही. ती लोकधारा नव्हे बहुतेक!

आता तुमचे आक्षेप घेते. सगळे मला तोंडावर ऐकवून झालेले आहेत.

पहिला, "ताई, पाच मिनिटांचा डान्स, एवढं काय मनावर घेता?" पाच मिनिटांचा कसा? तीन आठवड्यांची तालीम असते, शेकडो फोटो असतात आणि आठवण जन्मभराची. मला दहावीतलं बीजगणित आज एक अक्षर आठवत नाही, पण सहावीत कुठल्या गाण्यावर नाचले ते परकराच्या रंगासकट आठवतं. पोरं सगळ्यांत पक्कं शिकतात ते ह्याच दिवसांत. मग त्या दिवसांत आपण खोटं शिकवतो, ही गोष्ट लहान कशी?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "मग काय, ज्यानं त्यानं आपापल्या जातीचाच नाच करायचा?" मुळीच नाही. तसं झालं तर जातीच्या पेटीला आपणच नवं कुलूप लावल्यासारखं होईल. कुणीही काहीही नाचावं. बामणाच्या पोरानं हलगी वाजवावी, मराठ्याच्या पोरीनं तांड्यावरची लेंगी म्हणावी, बंजार्‍याच्या पोरानं भारूड रंगवावं. फक्त शिकावं ते ज्याला येतं त्याच्याकडून, त्याच्यासमोर बसून, त्याला गुरू म्हणून. लेंगी तांड्यावरच्या बाईकडून शिकलेली पोर त्या बाईला पुन्हा कधी बसमध्ये सीटवरून उठवणार नाही. दुकानातला आरशांचा घागरा घालून नाचलेली पोर कदाचित उठवील, कारण त्या दोन घागर्‍यांचा संबंधच तिला कुणी दाखवलेला नाही.

तिसरा, "ह्या सगळ्या भिकेच्या आणि अंधश्रद्धेच्या प्रथा, त्या काय जपायच्या?" नकाच जपू. पोतराज संपावा, मुरळी संपावी, ह्यात माझं दुमत नाही. पण जे संपायला हवं असं म्हणता, ते 'अभिमान' लिहिलेल्या बॅनरखाली नाचवता कशाला? दोन्हीकडून कसं चालेल? नाच करायचाच तर आधी पूर्ण गोष्ट सांगा. त्यातली कला सांगा, त्यातली फरफटही सांगा. संबळाचा ठेका शिकवा आणि तो वाजवणार्‍या घराची शाळा का सुटली तेही सांगा. चौदा वर्षांचं पोर एवढं समजू शकतं. ह्या वयाला अन्याय आपल्यापेक्षा लवकर कळतो.

'महाराष्ट्राची लोकधारा' हे नाव घराघरांत पोचवलं ते शाहीर साबळ्यांनी (१९२३–२०१५). त्याच नावाच्या कार्यक्रमातून त्यांनी गोंधळ, भारूड, वासुदेव, कोळीगीतं अशी किती तरी लोककलांची रूपं मोठ्या रंगमंचावर आणली. २०२३ साली त्यांच्यावर 'महाराष्ट्र शाहीर' सिनेमाही आला. साबळे स्वतः गाणारे, वाजवणारे, रंगमंचावर घाम गाळणारे कलावंत होते. त्यांचं नाव आपण घेतलं, त्यांचा घाम तेवढा वगळला.

आणि ज्याला येतं तो माणूस शोधायला लांब जावं लागतं का? आमच्या मराठवाड्यात गोंधळाची परंपरा एवढी मोठी की परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोक गोंधळमहर्षी म्हणायचे. तुळजापूर आणि माहूर, देवीची दोन मोठी ठाणी आमच्या दोन अंगांना. अहमदपूरच्या पुढं नांदेडच्या रस्त्याला लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. तिथं खंडोबाची यात्रा भरते, ती मार्गशीर्षात, म्हणजे नेमकी गॅदरिंगच्या तालमीच्या आगेमागे. घोड्यांचा बाजार भरतो, वाघ्या-मुरळी येतात, लावणी महोत्सव होतो. आपल्याच हमरस्त्यावर खरीखुरी लोकधारा उतरलेली असते, आणि आपली पोरं वर्गाची दारं लावून मोबाईलवर स्टेप्स बघत असतात. गावातल्या नवरात्रात आराधी बायका माळ घालून, परडी घेऊन दारात येतात, त्यांना आपण पीठमीठ वाढतो आणि दार लोटून घेतो. लग्नाच्या वरातीत हलगी वाजते, तिच्यावर आपणच नाचतो. वाजवणार्‍याचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

म्हणून माझं मागणं आहे, ते पालकसभेतही मांडणार आहे. थीम हवी ती ठेवा. नाचांची संख्या अकरावरून सहावर आणा. सहापैकी एक तरी नाच आपल्या तालुक्यातला असू द्या आणि तो बसवायला तालुक्यातलाच कलावंत बोलवा. मघाचा अठरा हजारांचा आकडा आठवा. तेवढ्या पैशात संबळवाला, तुणतुणंवाला आणि एखादी आराधी बाई तीन आठवडे रोज तासभर येऊन शिकवतील. त्यांची नावं माहीत नसतील तर पंचायत समितीत विचारा. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देतं, त्यासाठी जिल्ह्यात निवड होते, म्हणजे कागदावर तरी ही माणसं आहेतच. मुलांना कपडे घरातले घालू द्या, आज्यांच्या ट्रंका उघडू द्या. ज्या घरानं एखादा वेश सोडला, त्या घरातल्या पोराला आधी एकट्याला बाजूला घेऊन विचारा आणि तो नको म्हणाला तर तो नाच रद्द करा, दुसरे शंभर आहेत. आणि गॅदरिंगच्या दिवशी त्या संबळवाल्याला स्टेजवर खुर्ची द्या. पाठ टेकायची असते तसली, पाहुण्यांच्या रांगेतली. नारळ-शाल पुढार्‍यांना दरवर्षी मिळतेच, एक वर्ष त्यालाही मिळू दे.

ह्यात अशक्य काय आहे, मला खरंच कळत नाही. पैसा आहे, तो आताही जातोच आहे. माणसं आहेत, ती आताही दारावरून जातातच आहेत. वेळ आहे, तीन आठवडे. कमी पडतं ते एवढंच, की ज्यांच्या कपड्यांना आपण संस्कृती म्हणतो त्या माणसांना आपण शाळेच्या फाटकातून आत घ्यायला तयार नाही.

पालकसभा जूनमध्ये आहे. आजूबाजूच्या गावांत ज्यांची पोरं शाळेत आहेत, त्या भावंडांना, वहिन्यांना माझं सांगणं एवढंच, की आपापल्या सभेत हात वर करा. पहिल्यांदा लोक हसतात, दुसर्‍यांदा ऐकतात. आणि पुढच्या जानेवारीत पोर घरी येऊन म्हणालं, "आई, ड्रेस आणायचाय," तर पैसे काढण्याआधी त्याला विचारा, "कुणाचा?"